पंचवीसपैकी एकोणीस

या गोष्टीबद्दल मी आजवर एक वाक्यही कुणाशी बोललेले नाही. नवऱ्याशी नाही, बहिणीशी नाही, ज्या संपादकाच्या हाताखाली बारा वर्षं काढली त्याच्याशी तर नाहीच. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही आणि मधे थांबवून काही विचारणार नाही. विचारलं असतं तर कदाचित मी पुन्हा खोटं बोलले असते — तेवढी मी स्वतःला ओळखते.

गोष्ट निवडुंगाच्या बियांची आहे. हसू येईल. येऊ द्या.

दोन हजारच्या दशकाचा मध्य. मी चेन्नईत एका इंग्रजी दैनिकाच्या पुरवणी विभागात उपसंपादक होते. माझं मुख्य काम दुसऱ्यांचा मजकूर तपासणं. नाव बरोबर आहे का, आकडा कुठून आला, हे वार्ताहराने स्वतः पाहिलं की ऐकलं? पान दोनवर खाली उजवीकडे ‘दुरुस्ती’ची छोटी चौकट असे, तीही मीच लावायची. कालच्या अंकात अमुक छापलं होतं, ते चूक आहे, बरोबर असं आहे. दोन ओळी. कारण द्यायचं नाही, हळहळ व्यक्त करायची नाही. ते काम मला चांगलं येत असे. अजून येतं.

त्या वर्षी पुरवणीसाठी एक लेखमाला ठरली: घरात, ट्यूबलाइटखाली, बियांपासून सक्युलंट, म्हणजे निवडुंगासारखी गरदार झाडं, कशी वाढवावीत. चार भाग, दर पंधरवड्याला एक. लिहिणारी व्यक्ती नवशिकी हवी होती, म्हणजे वाचकाला धीर येतो. मी हात वर केला. अण्णा नगरातल्या माझ्या फ्लॅटला उत्तरेची एकच खिडकी होती आणि ऊन कधी आत येत नसे, म्हणून विषय माझ्या सोयीचाही होता.

कृती मी परदेशी पुस्तकांतून जमवली. चाळलेली जाड वाळू आणि नारळाचा भुसा, त्यावर उकळतं पाणी ओतून निवू द्यायचं. मिठाईचा पारदर्शक डबा. खसखशीएवढं बी वर नुसतं भुरभुरायचं, मातीत पुरायचं नाही. वर वीतभर अंतरावर दोन ट्यूब, रोज चौदा तास. आणि झाकण घट्ट — आठ आठवडे उघडायचं नाही. हे शेवटचं वाक्य मी ठळक अक्षरात छापलं.

पंचवीस बिया पेरल्या. आठव्या दिवशी हिरवे ठिपके दिसले, बाराव्यापर्यंत तेवीस झाले. दुसऱ्या भागात त्यांचा फोटो आला. तिथपर्यंतचं सगळं खरं आहे.

तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी डब्याच्या कोपऱ्यात कापसासारखं पांढरं काही दिसलं. दोन दिवसांत सगळी रोपं काचेसारखी पारदर्शक झाली आणि आडवी पडली. एकही वाचलं नाही.

आता सांगा — नवशिकीने काय लिहायचं होतं? ‘माझी मेली.’ एवढंच. लेखमाला त्याने अधिक चांगली झाली असती, हे मला तेव्हाही कळत होतं. पण तिसऱ्या भागाची जागा पानावर आखली होती, फोटोग्राफर गुरुवारी येणार होता, आणि माझ्या विभागात माझी ख्याती अशी होती की हिचं काही चुकत नाही.

मी शहराबाहेरच्या एका नर्सरीत गेले. तिथल्या बाईंना माझा डबा दाखवला. त्यांनी झाकणाला बोट लावलं आणि मोठ्याने हसल्या. तमिळमध्ये म्हणाल्या, “अम्मा, या गावात भात झाकून ठेवला तर दुपारी आंबतो. आणि तू पोरं झाकून ठेवलीस?” मग त्यांनी सरळ सांगितलं: थंड देशात घरातली हवा कोरडी, म्हणून तिथे झाकण. इथली हवाच ओली. बी उगवलं की झाकण काढायचं आणि पंखा लावायचा.

मला हवी होती त्या आकाराची रोपं त्यांच्या ट्रेमध्ये एकोणीस होती. मी एकोणीसच्या एकोणीस घेतली.

तिसऱ्या भागात त्यांचा फोटो छापला. चौथ्या भागात मजकूर: ‘पंचवीसपैकी एकोणीस जगली.’ पंचवीसपैकी सगळी म्हटलं असतं तर कुणी विश्वास ठेवला नसता. एकोणीस हा आकडा मोजलेला वाटतो. मला आकडे कसे वाटतात हे ठाऊक होतं, तो माझा व्यवसाय होता. आणि झाकणाबद्दलची सूचना? ती बदलली असती तर का बदलली हे सांगावं लागलं असतं. मी ती चौथ्या भागात पुन्हा छापली. पुन्हा ठळक.

इथवरचा गुन्हा कागदावरचा आहे. एवढाच असता तर मी आज लिहायला बसले नसते.

आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर राव मामा राहत. रेल्वेतून निवृत्त झालेले, तंजावरच्या मराठी घरातले. त्यांचं मराठी माझ्याहून जुनं आणि तमिळ हेल काढून येणारं. तो हेल मला लिहिता येत नाही, म्हणून त्यांचं बोलणं मी माझ्या मराठीत देते आहे. मला ते ‘एडिटर अम्मा’ म्हणत. पहिला भाग आला त्या दिवशी जिन्यात म्हणाले होते, “ट्यूबलाइटने झाडं उगवत असती, एडिटर अम्मा, तर आमच्या वेटिंग रूममध्ये जंगल झालं असतं.”

चौथा भाग आल्यावर मात्र त्यांनी मला घरी कॉफीला बोलावलं. टेबलावर चारही भागांची कात्रणं तारखेप्रमाणे टाचलेली. शेजारी रोज फाडायच्या कॅलेंडरच्या पानाची एक घट्ट पुडी. तिच्यावर तमिळ अक्षरांत मराठी शब्द लिहिला होता — निवडुंग. मामी मराठी असंच लिहीत.

मामी वर्षापूर्वी गेल्या होत्या. त्यांचा एक निवडुंग होता, गोल, पांढऱ्या केसांचा, वर लाल मिरचीसारखी बारीक फळं धरणारा. मामी गेल्यावर आलेल्या ऐप्पसीच्या, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या, पावसात तो गच्चीत राहिला आणि कुजला. मामांनी तो आत घ्यायला हवा होता. हे वाक्य ते दर वेळी स्वतःच म्हणत. उरलं होतं ते या पुडीतलं बी. चाळीसेक दाणे.

“निम्मं पेरतो, निम्मं ठेवतो,” मामा म्हणाले. “पण आधी मला सांग. पेपरात एकोणीस लिहिलंयस. खरोखर एकोणीस?”

प्रश्न अगदी नीट विचारलेला होता. वार्ताहराला मीही तसाच विचारला असता.

“एकोणीस,” मी म्हणाले. “मोजून.”

“सरि, ठीक. मग निम्मं ठेवायचं कशाला? बी जुनं होत जातं.”

त्यांनी पुडी पूर्ण उघडली. मी समोर होते. त्यांनी कात्रणातली प्रत्येक ओळ वाचून, बोटाने खूण करत, सगळं बी पेरलं. मग दोन्ही अंगठ्यांनी झाकण चारी बाजूंनी दाबलं — टक्, टक्, टक्, टक्. त्या वेळी बोलता आलं असतं ना? आलं असतं. माझ्या हातात कॉफीचा पेला होता आणि तोंड रिकामं होतं.

बी उत्तम निघालं. जवळजवळ प्रत्येक दाणा उगवला. मामांनी ट्यूब सकाळी सहाला लावायच्या आणि रात्री आठला बंद करायच्या, गाडीच्या वेळेसारख्या, आणि वहीत रोज संख्या लिहायची. पंधराव्या-सोळाव्या दिवशी त्यांनी मला खाली बोलावलं. झाकणाला आतून पाण्याचे थेंब दाटले होते. मामांच्या भिंगातूनही आतलं नीट दिसत नव्हतं.

“जरा उघडून पाहू का?” त्यांनी विचारलं. “हवा लागेल थोडी. मला वाटतं, यांना गुदमरतंय.”

त्यांचं वाटणं बरोबर होतं. पुस्तक न वाचता त्यांना ते कळलं होतं. माझ्याकडून फक्त ‘हो’ हवं होतं. कारणही विचारलं नसतं त्यांनी. पण माझ्या डोक्यात काय आलं, सांगू? की एकदा ‘हो’ म्हटलं की हा काटेकोर माणूस वहीत लिहील: एडिटर अम्माने सोळाव्या दिवशी उघडायला सांगितलं. आणि शेजारी टाचलेलं कात्रण असेल — आठ आठवडे.

“छापलंय तसंच करा, मामा,” मी म्हणाले.

पाच दिवसांनी सगळं संपलं. मामा डबा घेऊन वर आले, दारातच उभे राहिले. त्यांनी तो आधीच धुऊन पुसून आणला होता.

“माझा हातच तसा,” ते म्हणाले. “मोठं झाडही मीच घालवलं, हेही मीच.”

आणि मी — अजूनही गप्प बसता आलं असतं, पण मी बोलले. “बियाणं जुनं होतं मामा, तुमचा काय दोष?”

त्यांनी मान हलवली. पहिल्यांदाच माझ्याशी जरा कडक बोलले. “बियाण्याला काही बोलू नकोस. अडतीस उगवले होते. तिचं बी चोख होतं. तुझी रीतही चोख, तुझे एकोणीस जगले. उरलं कोण?”

पुढच्या वर्षी ते कोइम्बतूरला मुलीकडे गेले. जाताना गच्चीतल्या सगळ्या कुंड्या वॉचमनच्या बायकोला दिल्या, तुळसही. मी म्हटलं, एखादी तरी न्या. म्हणाले, “माझ्या हाती नको.” काही वर्षांनी मुलीचा फोन आला, मामा गेल्याचा. मी योग्य ते बोलले.

आज मला हे काम येतं. बी उगवलं की दुसऱ्या आठवड्यात झाकण तिरकं ठेवते, तिसऱ्यात काढते, पंख्याची हवा मंद, पाणी खालून. शंभरातली ऐंशी-नव्वद रोपं जगतात. लोक विचारायला येतात आणि मी सांगते, ते बरोबर असतं. कुठे शिकलात, असं विचारलं तर नर्सरीतल्या त्या बाईंचं नाव सांगते. कधी शिकले, ते कुणी विचारत नाही.

ती चौकट मी वर्षानुवर्षं लावली. मंत्र्यांची आद्याक्षरं सुधारली, क्रिकेटच्या धावा सुधारल्या, एका सांबाराच्या पाककृतीतली चिंच सुधारली. एक राहिली. पान केव्हाच रद्दीत गेलं आहे, तरी मजकूर असा:

दुरुस्ती. घरात बियांपासून सक्युलंट वाढवण्यासंबंधीच्या लेखमालेत डब्याचं झाकण आठ आठवडे उघडू नये असं छापलं होतं. ते चूक आहे. पंचवीसपैकी एकोणीस रोपं जगली असंही छापलं होतं. एकही जगलं नव्हतं. चौथा भाग छापण्याआधी लेखिकेला या दोन्ही गोष्टी माहीत होत्या. तळमजल्यावरच्या राव मामांच्या हातात काहीही दोष नव्हता.