आमच्याकडे तशी पद्धत नाही

"वहिनी, जरा बाथरूमला जाऊ का?" मी विचारलं.

वहिनी लॅपटॉपवर काहीतरी टाइप करत होत्या. त्या कॉलेजात शिकवतात. मान वर न करता म्हणाल्या, "अहो मावशी, आमच्याकडे तशी पद्धत नाही. घरून जाऊन येत जा ना."

त्यांचा संडास मी नुकताच घासला होता. हातांना अजून ॲसिडचा वास येत होता.

माझं घर वारज्यात, वस्तीत. कामं कर्वेनगरातल्या सोसायटीत. सकाळी निघालं की दुपार उलटून जाईपर्यंत घर नाही. आम्ही कामवाल्या बायकांनी पाणी पिणंच सोडून दिलं होतं. त्यात मला लघवीला जळजळ व्हायला लागली. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पाणी भरपूर प्या, तुंबवून ठेवू नका. म्हणून त्या दिवशी पाणी प्यायले होते.

वहिनींचं दार माझ्यामागे बंद झालं. आम्हाला लिफ्ट वापरायची नसते. जिन्याने उतरत होते. मधल्या वळणावर मला थांबता आलं नाही.

साडी भिजली. ओघळ पायऱ्यांवरून खाली गेला.

खालून सोसायटीचे चेअरमन येत होते. मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले. व्यायाम म्हणून जिना चढायचे. त्यांनी पायरीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ते आवाज कधीच चढवत नाहीत. तेव्हाही चढवला नाही.

"कुत्र्यांना आपल्याकडे खाली फिरवून आणतात. आपल्यासाठी काय व्यवस्था करू या?"

मग त्यांनी वॉचमनला हाक मारली. त्याने बादली आणि फिनेल आणून ठेवलं आणि तोंड फिरवून उभा राहिला. जिना मी धुतला. वरून खालपर्यंत. चेअरमन तिथेच थांबले होते.

पुढच्या घरी गेले. भांडी घासली, फरशी पुसली. त्या घरच्या आजींनी विचारलं, साडी कशी भिजली. बादली सांडली, म्हणाले.

रडू आलं नाही. रागही नाही. घरी येऊन आंघोळ केली, भाकऱ्या टाकल्या. नवऱ्याला सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी परत त्याच दारात उभी राहिले. बेल वाजवली. वहिनी म्हणाल्या, आज जरा उशीर झाला. मी हो म्हणाले. अंगातलं काहीतरी बधिर झालं होतं. दात काढायच्या आधी हिरडी होते तसं. चावलं तरी कळत नाही.

सुनंदा त्याच सोसायटीत पोळ्या करते. आमच्याच वस्तीतली, पण तिचा माझा बोलण्यापुरताच संबंध. ती मराठ्यांची, आम्ही बौद्ध. एका दुपारी बसस्टॉपवर ती माझ्या शेजारी येऊन बसली. वॉचमनकडून तिला कळलं होतं. समोर बघत म्हणाली, "माझं बी झालंय. मागल्या उन्हाळ्यात. पार्किंगमध्ये. मी कुणाला बोलले न्हाई."

बस आली, गेली. आम्ही बसूनच राहिलो.

मला वाटत होतं, हे माझं एकटीचं आहे. माझ्या शरीराचा दोष आहे. त्या बाकावर कळलं, दोष माझा नव्हता.

मी म्हटलं, बायका जमवू. रविवारी विहारात बसू. सुनंदा हो म्हणाली. रविवारी आली, पण विहाराच्या पायरीपाशीच थांबली. घरचे बोलतील, म्हणाली. मी आतून बाहेर आले. आवाज न चढवता विचारलं, "ते तुला त्यांच्या मोरीत जाऊ देत नाहीत. आणि तू माझ्या विहारात येत नाहीस. मग तुझ्यात नि त्यांच्यात फरक काय?"

ती निघून गेली. आत आम्ही मोजक्याच होतो, सगळ्या आमच्याच. मला वाटलं, संपलं.

पुढच्या रविवारी सुनंदा चप्पल काढून आत आली. सतरंजीवर बसली. तिच्यामागून तिच्या गल्लीतल्या बायका आल्या. त्यांनी आपापलं सांगितलं. कुणी पाळीचा कपडा दिवसभर बदलला नव्हता. कुणी गरोदर होती. सांगताना कुणी रडलं नाही. बाजारात काय महाग झालंय ते सांगावं, तसं सांगत होत्या.

आम्ही चेअरमनांना भेटायला गेलो. मागणी एकच, बाथरूम वापरू द्या. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आपण इथे कामाला येता. मुक्कामाला नाही."

दुसऱ्या दिवशी गेटवर वॉचमनने मोबाइल बघितला आणि मला आत सोडलं नाही. आत कुणाला सोडायचं ते ठरवणाऱ्या सोसायटीच्या ॲपवर माझं नाव बंद केलं होतं. फक्त माझं.

बाकीच्या बायका मागे उभ्या होत्या. काही जणी खाली मान घालून आत गेल्या. त्यांना मी काही म्हणणार नाही, घरी खाणारी तोंडं असतात. सुनंदाने पिशवी फुटपाथवर ठेवली आणि बसली. मग तिच्या शेजारी दुसरी. मग रांगच बसली.

थोड्या वेळाने फोन वाजायला लागले. आम्ही उचलले नाहीत. वहिनी स्वतः खाली आल्या. म्हणाल्या, "मावशी, हे काय चाललंय? तुम्ही आमच्या घरच्यासारख्या आहात."

गेटवर माणसं जमली होती. चेअरमनही होते. मी उभी राहिले.

"वहिनी, मी तुमचा संडास घासला आणि तुमच्या जिन्यात लघवी केली. तुम्ही नाही म्हणालात म्हणून."

माझी लाज मीच सगळ्यांसमोर सांगून टाकली होती. आता ती कुणाच्या हातात राहिली नव्हती. वहिनींनी ओढणी सारखी केली आणि आत गेल्या.

आठवडा संपायच्या आत सोसायटीने पंपाच्या खोलीशेजारचा संडास आमच्यासाठी उघडला. आतून कडी नाही. दारावर पाटी, 'फक्त कामवाल्यांसाठी'. चेअरमन म्हणाले, आता तरी समाधान झालं असेल. काही बायकांचं झालं. त्यांनी रविवारी विहारात यायचं थांबवलं. मला तिथे परत काम मिळालं नाही. वहिनींनी दुसरी बाई बघितली. आमच्यातलीच, रविवारी येणारी. तिने कामाला हो म्हणायच्या आधी विचारलं, बाथरूम कुठलं वापरायचं. वहिनी म्हणाल्या, खालचं. ती चहा न घेता निघून आली.

लोक विचारतात, मग जिंकलात ना. मला आनंद होत नाही. बधिरपणा पूर्ण गेलेला नाही, कदाचित जाणारही नाही. त्याची मी वाट बघत बसलेली नाही. वेगळा कप, लिफ्टला मनाई, वेगळा संडास. माझ्या आजीला वेगळं पाणी होतं. हे तेच आहे, फक्त टाइल्स लावलेल्या आहेत.

आता आम्ही वारज्यातल्या नव्या सोसायट्यांच्या गेटवर उभ्या राहतो. कामावरून सुटलेल्या बायकांशी बोलतो. बऱ्याच जणी थांबत नाहीत. ज्या थांबतात त्यांना मी सुनंदाला शेजारी घेऊन एवढंच सांगते. ज्या घरात आपण संडास घासतो, त्याच घरात तो वापरायचा. नाही म्हणाले तर त्या घरी आपल्यातली एकही बाई जाणार नाही. पंपाच्या खोलीशेजारी मी बसणार नाही.