शाफ्टच्या कोनावर लावलेली मिशी

"च्या सांडली तर मिशी काढतलंय!"

काम संपलं की आमचे मिस्त्री अशी घोषणा करायचे, केबिनच्या फळीवर चहाचा कप ठेवायचे आणि गाडी आग्रा रोडला काढायचे. कप अर्धाच असे. वरचा अर्धा त्यांनी आधीच प्यायलेला असे, पण हे गिऱ्हाइकाला कोण सांगणार?

तुम्हीही मिस्त्री पुष्कळ पाहिले असतील. तशी मिशी पाहिली नसेल. अस्सल मालवणी, तेल पाजलेली, दोन्ही टोकं कानांची चौकशी करायला निघालेली. भांडुपच्या आमच्या गॅरेजात नवा माणूस आधी मिशीला नमस्कार करी, मग मिस्त्रींना.

लढाईनंतर लिलावात निघालेले पेट्रोलचे लष्करी ट्रक तेव्हा डिझेल इंजिन बसवायला आमच्याकडे येत. नवं इंजिन जुन्याच्या जागी सरळ बसेल तर शपथ! गिअरबॉक्सची शेपटी खाली झुके आणि तिथून मागच्या चाकांकडे जाणारा लांब शाफ्ट वाकड्यात फिरू लागे.

"वाकडो झालो तरी चलात," मिस्त्री म्हणत, "पण दोनय सांधे सारखे वाकाक होये. एकच वाकलो, तर गाडयेक हिवताप!"

म्हणून शेपटी जितकी खाली, तितकं मागच्या डिफरन्शियलचं, म्हणजे चाकं फिरवणाऱ्या आसावरच्या गोळ्याचं, नाक वर. त्यासाठी ते स्प्रिंगच्या पाट्यांखाली लोखंडी पाचरी घालत.

एकदा घाटकोपरच्या एका शेठचा ट्रक आला. सोड्याच्या बाटल्या वाहणारा. "मिस्त्री, गाडी थरथरली तर माल फुटेल हां!" शेठ बजावून गेले. मिस्त्रींनी साऱ्या गॅरेजासमोर मिशी पणाला लावली.

मी तेव्हा त्यांच्या हाताखालचा शिकाऊ पोऱ्या; शेवटचे नट आवळायला खाली शिरलो. पाहतो तर डिफरन्शियल आभाळाकडे नाक करून बसलेलं. म्हटलं, गेली म्हाताऱ्याची नजर! बिचाऱ्याची मिशी वाचवावी म्हणून मी दोन्ही पाचरी गुपचूप उलट्या फिरवल्या आणि बाहेर येऊन स्वतःची पाठ थोपटली.

शेठना शेजारी बसवून मिस्त्रींनी गाडी काढली. मुलुंडच्या अलीकडेच तिला हिवताप भरला. कप नाचला, आडवा झाला आणि चहा थेट शेठच्या धोतरावर.

"मिस्त्री, मूछ!" हसून हसून शेठच्या डोळ्यांत पाणी आलं.

परत आल्यावर मिस्त्री गाडीखाली गेले आणि लगेच बाहेर आले.

"मिस्त्री, पाचरी मी फिरवल्या," मी म्हणालो.

"माका दिसला नाय?"

"मग शेठना सांगा ना!"

"काम कोणाचा?"

"तुमचं."

"मगे मिशी कोणाची?"

"माझी काढतो ना!"

त्यांनी माझ्या ओठावरची लव निरखून पाहिली. "ती मिशी हा? ती आदी येव दे तरी!"

आणि ते समोरच्या न्हाव्याकडे गेले.

आले तेव्हा वरच्या ओठावर मिशीच्या जागी कातडीची पांढरीफटक पट्टी. केवळ हसायला म्हणून थांबलेले शेठ उठून उभे राहिले. "अरे मिस्त्री, मैं तो मस्करी करता था..."

"जॅक लाव रे," मिस्त्री मला म्हणाले. पाचरी पुन्हा फिरल्या. दुसऱ्या फेरीत चहाचा थेंबही सांडला नाही; टाळी मात्र कोणी वाजवली नाही.

त्या दिवाळीनंतर मिस्त्री गावी निघाले, ते कायमचेच. मिशी तोवर जेमतेम दात घासायच्या ब्रशाएवढी आली होती. बोटीच्या धक्क्यापर्यंत त्यांना पोचवायला शेठनी हट्टानं तोच ट्रक धाडला. मी फाटकाशी कान देऊन उभा राहिलो. गाडीनं वेग घेतला. कुठे म्हणून थरथर नाही. हलत होता तो फक्त खिडकीबाहेर काढलेला मिस्त्रींचा हात.