नाव विचारूनच द्या

लेक अकरावीला लातूरला गेली, तेव्हापासून तिचा डबा रेणापूरहून सकाळच्या एसटीने जाऊ लागला. आमच्याकडची बरीच पोरं अशीच शिकतात. घरच्यांनी डबे कंडक्टरच्या हवाली करायचे, पोरांनी लातूरच्या स्टँडवर येऊन घ्यायचे. प्रत्येक डब्यावर ऑइलपेंटने नाव असतं. आमच्या डब्यावर नव्हतं, आणि ही अक्कल माझी.

लेक लहानपणापासून बोलताना अडखळते. स्वतःच्या नावाला तर हमखास. वेखंड उगाळून चाटवून झालं, "दम घेऊन बोल" म्हणून झालं. मी मुळात उतावळा. बियाण्याच्या दुकानात दिवसभर तोंडाचा पट्टा चालू. तिचं वाक्य अडलं की मीच पुरं करून टाकायचो. ती सोळाची झाली तेव्हा मला वाटलं, हिला आता बोलायला भागच पाडलं पाहिजे. म्हणून कंडक्टरला सांगून ठेवलं, "नाव विचारूनच द्या. त्याबिगर देऊ नका." भला माणूस, "हाव" म्हणाला.

महिन्यात तीनदा डबा भरलेला परत आला. तिसऱ्यांदा मी फोनवर भडकलो. "वांगं आवडत न्हाई म्हणून डबा न्यायचा न्हाई? तुझी आई पाचला उठून करती!" पलीकडून नुसता अडकलेल्या श्वासाचा आवाज आला. मी फोन ठेवून दिला. ते आठवलं की आजही स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

दुसऱ्या दिवशी डब्यासोबत मीही त्याच गाडीत बसलो. लातूरला दारापाशी पोरांचा गराडा पडला, भराभर डबे गेले. लेक सगळ्यांच्या मागे उभी होती. कंडक्टरने विचारलं, "नाव सांग, बाई." तिचे ओठ मिटले, मान ताणली, डोळे घट्ट बंद झाले. त्याने वाट पाहिली, खरंच पाहिली. ड्रायव्हरने हॉर्न दिला. तिचं पहिलं अक्षर फुटलं आणि मला राहवलं नाही. मागच्या सीटवरून मीच तिचं नाव ओरडलो.

तिने दचकून वर पाहिलं. बाप आल्याचा आनंद काही त्या चेहऱ्यावर नव्हता.

स्टँडवरच्या बाकड्यावर बसून तिने डबा उघडला. वेळ लागला, पण बोलली. "आ... आलं होतं, पप्पा. अर्धं आलं होतं."

मला खाली मान घालावी लागली. तिला बोलायला उभं केलं मी, आणि तोंडातला शब्द काढून घेतलाही मीच. शेवटी विचारलं, "उद्यापासून डब्यावर नाव लिवू का?"

मला वाटलं, नको म्हणेल. मानी पोर आहे. बराच वेळ ती शब्दाशी झटत राहिली. मी भाकरीकडे बघत गप्प बसलो, तिच्या जन्मापासून पहिल्यांदाच.

"लिवा," ती म्हणाली. "लई भू... भूक लागती."