बनुबाईंचा मोर

देवळाली प्रवरात अलीकडे ज्या ज्या घरात सून आली, त्यातल्या बहुतेक घरांत बनुबाईंच्या हातचं काहीतरी भिंतीवर टांगलेलं आहे. काळ्या मखमलीवर मण्यांचे राजहंस, मण्यांची तुळस, मण्यांचा गणपती, वर काच आणि भोवती सोनेरी पट्टी. फक्त हे बनुबाईंचं आहे, हे कुणाला ठाऊक नव्हतं. लग्नात रुखवत मांडायचं आणि ते नवरीनं स्वतः केलंय म्हणून सांगायचं, ही आपली रीत. आता नवरी कॉलेजला जाते, तिला मणी ओवायला वेळ कुठला? मग तिची आई गुपचूप राहुरीला भागवतच्या फ्रेमच्या दुकानात जाते. भागवत बनुबाईंकडून मणीकाम आणतो, फ्रेममध्ये बसवतो आणि करणारीचं नाव पोटात ठेवतो.

शेजारच्या मुक्ताबाईंनी तर कहर केला होता. त्यांची सून पूजा हिनं रुखवतात आणलेले राजहंस त्यांनी बैठकीत लावले होते. बनुबाई विरजण मागायला गेल्या, तरी मुक्ताबाई त्यांना हाताला धरून फ्रेमखाली उभं करायच्या.

"बघ बनू, मान कशी वळवलीय. याला बोटात कला लागती. तुला न्हाई जमायचं."

"व्हय आक्का," म्हणत बनुबाई मान डोलवायच्या आणि विरजण घेऊन घरी यायच्या. पूजा तेवढा वेळ स्वयंपाकघरात उगाच भांडी वाजवत राहायची.

बनुबाईंच्या स्वतःच्या भिंतीवर मात्र दूध डेअरीचं कॅलेंडर. त्यांचे यजमान छगनराव चिडवायचे, "समद्या गावाच्या भिंती नटवल्या, आमी काय तुझं घोडं मारलंय?" बनुबाईंना का हौस नव्हती? खूप होती. पण एक फ्रेम घरात लागली की बायका हात ओळखणार, आणि मग एकेक सून उघडी पडणार. पोरींच्या संसारात आपण कशाला काडी घालायची, म्हणून बिचारीनं मन मारून भिंत मोकळी ठेवली होती.

पुढं मुलाच्या, आदिनाथच्या, लग्नाचं बघायची वेळ आली. मंडळी कोल्हारला मुलगी बघायला गेली. पोहे आले आणि बनुबाईंची नजर समोरच्या भिंतीवर गेली. मोर. त्यांचाच. पिसारा भरताना निळे मणी संपले होते, शेवटचं पीस त्यांनी हिरव्या मण्यांवर निभावून नेलं होतं. ते पीस तिथं दिमाखात चमकत होतं.

"आमच्या रुपालीनं केलाय," मुलीची आई म्हणाली.

बनुबाईंचा चमचा हातातच राहिला. मुलगी त्यांना आल्या आल्या आवडली होती. आता हीसुद्धा मान डोलवणार, आणि जन्मभर हिच्याकडे बघताना आपल्याला हेच आठवणार, याचं त्यांना फार वाईट वाटलं.

"न्हाई ओ," रुपाली म्हणाली. "मला सुईत दोरा ओवता येत न्हाई. ट्रॅक्टर चालवता येतो. मोर राहुरीहून आनलाय. भागवतच्या दुकानाला कुनी बाई करून देती म्हनं. तिचा हात मला लई आवडतो."

आईनं डोळे वटारले. छगनरावांना ठसका लागला. बनुबाईंनी पदर डोळ्यांना लावला आणि पोह्यात मिरची जास्त पडल्याचं सांगितलं. सोयरीक तिथंच पक्की झाली.

लग्न झालं, मोर सुनेबरोबर घरी आला. "आतल्या खोलीत लाव," बनुबाई म्हणाल्या आणि का, ते सगळं सुनेला सांगून टाकलं. रुपालीनं शांतपणे ऐकून घेतलं, खुर्ची ओढली आणि बैठकीतच खिळा ठोकला. खाली बसलेल्यांनाही नीट दिसावा म्हणून मोर वरून जरा पुढं झुकवून टांगला.

"कुनी विचारलं तर तूच केलाय म्हन बरं," बनुबाईंनी बजावलं. रुपालीनं हो म्हणायचं सोडून मोराची काच पुसायला घेतली. ही पोरगी खोटं बोलत नाही म्हणून तर पसंत केली होती, आता कुणाला दोष द्यायचा?

सत्यनारायणाला बायका जमल्या. मुक्ताबाई तीर्थप्रसादाच्या आधी मोराखाली जाऊन उभ्या राहिल्या.

"सुनेनं केला व्हय?"

"न्हाई, सासूबाईंनी केलाय," रुपाली म्हणाली. "भागवतच्या दुकानातलं समदं मनीकाम त्याच करत्यात."

झालं, आता घरोघर महाभारत, असं बनुबाईंना वाटलं. पूजाकडे बघायचा तर त्यांना धीरच होईना. पण पूजाच पुढं आली.

"मंग आमचे राजहंसबी काकूंचेच," ती म्हणाली. "आईनं भागवतकडूनच आनले हुते. कवाचं सांगायचं हुतं मला."

"आमची तुळसबी," मागून आणखी एका सुनेचा आवाज आला, आणि कुणीतरी फिसकन हसलं.

मुक्ताबाईंनी सुनेकडे बघितलं, मोराकडे बघितलं, मग बनुबाईंकडे.

"म्हंजे इतकी वरसं मी तुलाच तुझे हंस दाखवत हुते?"

"व्हय आक्का," बनुबाई म्हणाल्या. "अन् तुमच्याइतकं चांगलं कुनीच दाखवलं न्हाई."