संपलं म्हणणारे तुम्ही कोण

लग्न होऊन मी उमरेडहून निघाले त्या सकाळी बाबा मागावर बसले होते. बाहेर नवऱ्याकडची माणसं जीपचा हॉर्न वाजवत होती आणि बाबांच्या बोटांना राख लागलेली होती. विणकराच्या घरी साडी उतरली तरी मागाच्या फणीच्या फटींत ओवलेली जुन्या धाग्यांची टोकं काढत नाहीत. नव्या ताण्याचा, म्हणजे उभ्या धाग्यांचा, एकेक धागा राखेच्या बोटांनी पीळ देऊन त्या टोकांना जोडतात. चौथीनंतर माझी शाळा सुटली ती या जोडणीसाठीच. बाबांना नीट दिसेनासं झालं होतं. न उठताच म्हणाले, "हा माहा शेवटचा ताणा. टोकं फणीत ठेवीन. तू येशीन तवा जोडजो."

गजानन, तू माझा धाकटा भाऊ, दारातच उभा होतास. तूही ऐकलंस.

बाबा गेले, तरी टोकं होती. नागपुरात जरीपटक्याला आमच्या घरामागे एक खोली बांधून झाली तेव्हा मी तुला फोनवर सांगितलं, माग मी इकडे आणते. तू 'हो बाई' म्हणालास.

माझी पल्लवी स्पोकन इंग्लिशच्या क्लासला जाते, नोकरीच्या इंटरव्ह्यूसाठी. परवा मी भाकरी थापत होते आणि ती ओट्याजवळ पाठांतर करत होती. इंग्रजीत म्हणे झालेल्या गोष्टी दोन प्रकारे सांगतात. होऊन संपलेली वेगळी, आणि मागे सुरू होऊन आजपर्यंत आलेली वेगळी. 'आय लिव्ह्ड इन उमरेड' म्हणजे राहिले, सुटलं. 'आय हॅव लिव्ह्ड इन नागपूर' म्हणजे राहत आले, अजून आहे. मला ते आवडलं. मग ती म्हणाली, "माय मदर वर्क्ड ऑन अ हँडलूम."

"हे कोणतं?"

"संपलेलं. तू आता कुठं विणून राहिली वं आई?"

तवा उतरवून ठेवला. माझं काम संपलं हे क्लासमधल्या सरांना कोणी सांगितलं? माग आणायचाच असं ठरवून रविवारी मी उमरेडची बस धरली.

तुझ्या हॉलमध्ये टीव्हीच्या वर बाबांची फणी टांगलेली होती. व्हार्निश मारून चकचकीत केलेली. टोकं नव्हती.

"लोंबत होती, बरी नाही दिसत," तू म्हणालास. "कातरली. आता पाहुणे विचारतात तं सांगतो, आमचे बाबा विणकर होते."

विणकराच्या पोटी जन्मून तू फणीला कात्री लावलीस! मी जन्मात कधी आवाज चढवला नव्हता. त्या दिवशी गल्लीपर्यंत गेला.

"बाई, काहून बोंबलून राहिली वं? लोक पाहून राहिले."

"पाहू दे! तुह्या भिंतीची शोभा कराले ठेवली होती का बाबानं?"

स्टुलावर चढून फणी मीच काढली. मागाची लाकडं न्हाणीमागे टिनाखाली पडली होती. त्यांना हात लावशील तर याद राख, टेम्पो घेऊन येते, असं सांगून निघाले. तुझ्या बायकोने केलेला चहा तसाच राहिला.

आता दुपारी फणी मांडीवर घेते आणि सुईने एकेक फट मोकळी करते. व्हार्निश दगडासारखं बसलं आहे. पल्लवी विचारते, "मंग इंटरव्ह्यूत काय सांगू?" मी म्हणते, "माहं नाव काढू नको. आधी मागच्या खोलीतलं तुहं कपाट हलव."

उमरेडला माझं घर होतं. त्या दिवशी तुझ्या हॉलमधून बाहेर पडले तेव्हा ते सुटलं, हे मी स्वतः म्हणते, दुसऱ्या कोणी म्हणू नये. माग उभा राहील तिथे माझं घर. जोडायला टोक उरलेलं नाही, म्हणून सगळे धागे पहिल्यापासून ओवावे लागतील. ओवीन. पण गजानन, त्या कात्रीची माफी माझ्याकडे नाही.