एसीच्या पाण्यावरचं सीताफळ

मी ओरडते. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढचं सगळं त्यामुळेच झालं. आमच्या सांगलीच्या माहेरी सगळेच मोठ्यानं बोलतात. त्यात राग असतोच असं नाही. आमटी वाढ म्हणायचं तरी चार घरांना कळतं. लग्न होऊन बहरीनला आले, अदलियात एका जुन्या व्हिलाच्या तळमजल्यावर बिऱ्हाड मांडलं, आर्किटेक्टच्या ऑफिसात ड्रॉइंग तपासायची नोकरी धरली, मुलगी झाली, ती इंग्रजी शाळेत गेली. या सगळ्यात माझा आवाज तेवढा होता तसाच राहिला.

चार वर्षांपूर्वी ऐन जुलैत हॉलचा एसी बंद पडला. जुलैतलं बहरीन ज्यानं पाहिलंय त्याला पुढचं सांगायला नको. नवऱ्यानं ऑफिसातल्या कुणाकडून तरी एका मेकॅनिकचा नंबर आणला. "आपलाच माणूस आहे, पुरंदरकडचा. काम एक नंबर, फक्त जरा बोलतो," एवढंच त्याला कळलं होतं.

आलेले गृहस्थ साठीकडे झुकलेले, काटकुळे, कंपनीचा निळा शर्ट, खांद्याला हत्यारांची पिशवी. त्यांना सगळेच काका म्हणायचे, मग आम्हीही म्हणायला लागलो. काका शिडीवर चढले, एसीचं तोंड उघडलं आणि काम थांबवून ऐकत बसले. कारण मी तेव्हा मुलीला झापत होते. तिनं ओला टॉवेल गादीवर टाकला होता आणि वर मलाच सांगत होती, "मम्मा, रिलॅक्स!" अंगाचा नुसता तिळपापड झाला होता.

माझं संपल्यावर काका वरून म्हणाले, "वैनी, मशिनीत लई बिघाड न्हाई. पाच मिन्टाचं काम हाय. पर आधी तुमी ओरडायचं सोडा."

मला वाटलं गंमत करताहेत. कसली गंमत! हा माणूस खरोखर स्क्रू ड्रायव्हर खिशात घालून शिडीवर ठाण मांडून बसला. त्यांचा नेमच होता तो. ज्या घरी एसी दुरुस्त करायचा त्या घरी झाड लावायचं, आणि घरातल्या एकानं आपली एक खोड सोडायची. झाड जिवंत, तोवर वचन जिवंत. सोबत देवाचं नाव घ्यायचं, ते तुम्हाला हवं त्या देवाचं. मी म्हटलं, काका, आधी एसी चालू करा, मग बघू. ते म्हणाले, मी रिकामाच हाय. अर्धा तास आम्ही तिघं घामानं निथळत त्यांच्याकडे बघत बसलो. शेवटी नवरा रडकुंडीला आला, "अगं, म्हण ना हो! काय जातंय?"

मी हो म्हटलं. पाचव्या मिनिटाला गार वारा सुरू झाला.

काकांनी मग खिशातून सीताफळाची बी काढली. सीताफळच का, तर त्यांच्या गावाकडचं म्हणून. खिडकीखालच्या हातभर मातीत त्यांनी ती खोचली आणि एसीच्या पाण्याची नळी बरोब्बर तिथं आणून सोडली. आमच्या नळाला खारं पाणी यायचं, ते झाडाला विष. "ह्याला फकस्त एसीचं पाणी," त्यांनी बजावलं, "दुसरं थेंबभर बी न्हाई." मग डोळे मिटून काहीतरी पुटपुटले आणि आमच्या घरातून माझा आवाज घेऊन निघून गेले.

हळूहळू कळलं की काकांनी अख्खं बहरीन असं पालथं घातलेलं आहे. नईममधल्या एका बँकवाल्यांना रमी सोडायला लावली होती, जिदहफ्सच्या एका ड्रायव्हरला तंबाखू, मनामातल्या एका इंजिनिअरला संध्याकाळची बिअर. माझ्या एका मैत्रिणीला तर जावेबद्दल बोलायचं सोडायला लावलं होतं. बिचारीकडे बोलायला दुसरं काही उरलंच नाही. प्रत्येकाच्या एसीखाली एक सीताफळ. आणि प्रत्येकाचं सीताफळ वर्षभरात मरायचं. काका यायचे, वाळलेल्या काडीशी उकिडवे बसायचे, हळहळायचे. "हितली माती लई हट्टी," म्हणायचे, आणि नवी बी लावून नवं वचन घ्यायचे. पुढं पुढं लोक फिल्टर तुंबला तरी घाम पुसत बसायचे, पण काकांना फोन करायचे नाहीत.

मातीचं खरं काय ते मला संक्रांतीच्या हळदीकुंकवाला कळलं. ती जावेवाली मैत्रीण सगळ्यांसमोर सुस्कारा टाकून म्हणाली, "आमचं झाड गेलं बाई." आवाज दुखवट्याचा आणि चेहरा असा फुललेला! स्वयंपाकघरात गाठून विचारलं तर तिळगूळ चघळत म्हणाली, "नळाचं पाणी. रोज एक बादली. पंधरा दिवसांत खलास!" आणि लगेच जावेनं दिवाळीला काय केलं ते सांगायला लागली. मग एकेकीनं कबूल केलं. बँकवाल्यांनी तर मिठाची पिशवीच ओतली होती म्हणे. वचन मोडायचं नाही, देवाचं नाव घेतलेलं असतं. पण झाडच गेलं तर कुणाचा काय इलाज? आपली माणसं वचनाला पक्की, हे मात्र मानलं पाहिजे.

मला एवढं साधं का सुचलं नाही म्हणून मी कपाळाला हात लावला. दीड वर्ष मी मूग गिळून बसले होते. मुलीच्या ओल्या टॉवेलकडे बघून "बाळा, हा उचलतेस का?" म्हणत होते. माझ्या तोंडून 'बाळा' ऐकून मलाच कसंतरी व्हायचं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून आले, बादली भरली आणि मागच्या बाजूला गेले. तर तिथं नवरा स्टूल टाकून पेपर वाचत बसलेला.

"काय गं, बादली कशाला?"

"फरशी धुते."

"इकडं फरशी नाही."

तिसऱ्या दिवशी त्या स्टुलावर मुलगी होती, मोबाइल घेऊन. चौथ्या दिवशी परत नवरा. तेव्हा माझ्या लक्षात आलं की या दोघांनी पहारा लावलाय. फ्रिजच्या मागच्या बाजूला चक्क शिफ्टचा कागद चिकटवलेला सापडला. एवढंच नाही; हिवाळ्यात एसी बंद म्हणजे झाडाला पाणी बंद, म्हणून दोघं जानेवारीत स्वेटर आणि कानटोप्या घालून हॉलमध्ये एसी लावून बसायचे. थंडीत एसीतून पाणी गळेना, तर खोलीत विकतच्या पाण्याचं पातेलं उकळत ठेवायचे. वाफ झाली की ती एसीत जाणार आणि नळीतून थेंब थेंब झाडाला पडणार.

"अहो, मग तेच विकतचं पाणी सरळ झाडाला घाला की!" मी म्हटलं.

"काकांनी एसीचंच सांगितलंय," नवरा गंभीरपणे म्हणाला. हा माणूस बँकेत मोठ्या मोठ्या कंपन्यांची कर्जं मंजूर करतो.

एकदा आमचा अरब घरमालक काही कामासाठी आत आला. बाहेर गारठा, आत एसी, मधे उकळतं पातेलं आणि भोवती कानटोप्या घातलेले आम्ही. "सब ठीक आहे ना?" त्यानं हिंदी-मराठीची खिचडी करून विचारलं, कुणी उत्तर द्यायच्या आत "इंशाल्ला, इंशाल्ला" म्हणाला आणि चहासुद्धा न घेता गेला.

हसायला येतं आता. पण तो शिफ्टचा कागद हातात आला त्या दिवशी मला हसू आलं नव्हतं. माझ्याच घरातली दोन माणसं, थंडीत कुडकुडत एक काडी जगवताहेत. का, तर मी पुन्हा ओरडायला लागू नये म्हणून! इतकी का मी वाईट होते? मी बाथरूममध्ये जाऊन रडले, तेही हळू. बादलीतलं पाणी मोरीत ओतून दिलं आणि परत त्या वाटेला गेले नाही.

झाड छातीएवढं झालं. या वर्षी मेमध्ये फुलं आली आणि काकांचा आनंद गगनात मावेना. इथल्या कोरड्या हवेत सीताफळ आपोआप धरत नाही म्हणून त्यांनी नवऱ्याला एक बारीक ब्रश दिला. संध्याकाळी एका फुलातले कण गोळा करून डबीत ठेवायचे आणि सकाळी दुसऱ्या फुलात फिरवायचे. नवरा टाय लावून, ऑफिसला निघण्याआधी, कमरेत वाकून फुलांना ब्रश लावायचा. खूप फुलं गळाली. एक फळ धरलं. एकच.

ते बघायला काका आले आणि झाडाशी उकिडवे बसले. मी चहा दिला. तेव्हा म्हणाले, "वैनी, माझा व्हिसा आता रिन्यू करत न्हाईत. वय झालं म्हंत्यात. आक्टोबरात जायाचं." मग फळाकडे बोट केलं. "पंचवीस वर्सं हितं झाडं लावली. एका बी झाडाचं फळ म्या अजून चाखलं न्हाई. हे तेवढं खाऊन जावं म्हंतो."

ती सगळी झाडं कशी मेली ते मला माहीत होतं, आणि ते अजून मातीलाच बोल लावत होते. मी म्हटलं, "खाल्ल्याशिवाय तुम्हाला विमानात बसू देणार नाही. माझा शब्द." हा शब्द मात्र मी आपणहून दिला.

त्या दिवसापासून घरात दुसरा विषय नव्हता. बुलबुल येतात म्हणून फळाला नवऱ्याचा जुना मोजा घातला. काका दर शुक्रवारी येऊन मोजा काढायचे, फळाच्या डोळ्यांवरून बोट फिरवायचे आणि म्हणायचे, "मिटल्यात अजून." सीताफळाचे डोळे उघडले, खपल्यांमधल्या रेघा पांढरट झाल्या, की ते उतरवायचं. सप्टेंबर संपला तरी डोळे मिटलेलेच. कंपनीनं तिकीट काढलं. माझ्या तोंडचं पाणी पळालं. शेवटी जायच्या चार दिवस आधी एकदाचे डोळे उघडले आणि मी ते मुठीएवढं फळ तांदळाच्या डब्यात पिकत घातलं. ऑफिसातून घरी आले की आधी डबा उघडायचे, मग चपला काढायचे.

जायच्या दिवशी सकाळी ते हाताला मऊ लागलं. माझा जीव भांड्यात पडला. आणि त्या आनंदाच्या भरात मी गाढवपणा केला. आपल्या लोकांच्या ग्रुपवर लिहिलं: काकांच्या झाडाला फळ आलंय, आज दुपारी विमानतळावर ते खाणार आहेत, सगळ्यांनी निरोपाला या.

सगळे आले. मनातली टोचणी असेल, दुसरं काय. नईमचे बँकवाले, जिदहफ्सचा ड्रायव्हर, बिअरवाले इंजिनिअर, जावेवाली मैत्रीण नवऱ्यासकट. एकूण वीसेक माणसं. काका नव्या शर्टात, दोरीनं बांधलेली बॅग घेऊन उभे होते, आणि कंपनीचा माणूस सारखा "यल्ला, यल्ला" म्हणत घाई करत होता. मी डबा उघडून फळ त्यांच्या ओंजळीत ठेवलं. काकांनी ते कपाळाला लावलं, डोळे मिटून पुटपुटले आणि दोन्ही अंगठ्यांनी फोडलं. पांढराशुभ्र गर, काळ्या बिया. मला रडू यायला लागलं.

आणि काका वळले ते सरळ बँकवाल्यांकडे. "घ्या, परसाद."

बँकवाल्यांनी हात मागे घेतला. पण प्रसाद नाही कसं म्हणणार? त्यांनी एक पाकळी उचलली, डोक्याला लावली, तोंडात टाकली. मग इंजिनिअर. मग ड्रायव्हर. "पयलं फळ वाटून खायचं, लावणाऱ्यानं शेवटाला," काका खुशीत सांगत होते आणि ओंजळ पुढे सरकत होती. जो तो दुसऱ्याकडे बघत होता, एकानं तरी नको म्हणावं म्हणून, आणि जो तो घेत होता. ज्यांनी त्यांची झाडं मारली ते सगळे त्यांचं फळ भक्तिभावानं खात होते. माझ्या हातात एक पाकळी आली, नवऱ्याच्या, मुलीच्या. मी काकांच्या ओंजळीत पाहिलं. सालीच्या दोन रिकाम्या वाट्या उरल्या होत्या.

"थांबा!" मी ओरडले. चार वर्षांचं साठलेलं एकदम बाहेर आलं. "कुणी गिळू नका! अरे, त्यांना ठेवा की रे काहीतरी! लाज वाटत नाही?" अख्खं विमानतळ वळून बघायला लागलं. ट्रॉल्या थांबल्या. लांबून एक पोलीस निघाला. बँकवाले तोंड मिटून उभे राहिले. त्यांची पाकळी केव्हाच गेली होती. सगळ्यांच्याच गेल्या होत्या. उरली होती ती माझ्या हातातली, कारण मी माणसं मोजण्यात गुंतले होते.

"वैनी, तुमी घ्या, तुमच्या घरचं झाड," काका मागे सरत म्हणाले.

मी ऐकलं नाही. एका हातानं त्यांचा खांदा धरला आणि दुसऱ्या हातानं ती पाकळी त्यांच्या तोंडात घातली. त्यांनी डोळे मिटले आणि अगदी सावकाश चघळलं. बराच वेळ बी तोंडात घोळवून त्यांनी ती तळहातावर काढली, आणि मग डोळे उघडून लहान पोरासारखं माझ्याकडे बघितलं.

"वैनी, आनखी हाय का?"

आम्ही वीस जण उभे होतो. कुणी रुमाल काढला, कुणी बोटं पँटला पुसली.

"नाही हो काका," मी म्हणाले. "संपलं."