वर्षभराच्या पासची चौकशी

हे मी आजवर कोणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळ नाही, पोरीजवळ तर नाहीच. तुम्हाला का सांगतो आहे? तुम्ही आमच्या समुद्रपूरचे नाही, म्हणून असेल. तुम्ही हे पोटात ठेवाल याचीही मला खात्री नाही — मला कोणाचीच खात्री वाटत नाही, हे आधीच सांगून टाकतो.

मी कापसाचा छोटा व्यापारी. गावोगाव फिरून शेतकऱ्याच्या घरून कापूस घ्यायचा आणि पुढे सरकी काढणाऱ्या जिनिंगच्या कारखान्याला घालायचा. या धंद्यात वरचा पांढराशुभ्र कापूस पाहून कोणी भाव सांगत नाही. ढिगात कोपरापर्यंत हात घालायचा, तळचा कापूस ओढून काढायचा, मुठीत दाबून पाहायचा. वजन वाढावं म्हणून कोणी पाणी तर मारलं नाही ना? आणि खरं सांगू — ओल सापडली नाही तरी तोंड वाकडं करून ‘ओलसर आहे’ म्हणायचंच. शेतकरी म्हणतो, कुठं ओला आहे, परत पाहा. मग भाव ठरतो. दोघांनाही हे ठाऊक असतं, त्यामुळे त्याला खोटं बोलणं असं कोणी म्हणत नाही.

नागपूरच्या वाटेवर एक मोठं पार्क आहे. उंच पाळणे, घसरगुंड्या, पाण्याचे खेळ. मागच्या उन्हाळ्यात जावयाने आम्हाला तिथे नेलं. मी सावलीत सगळ्यांच्या चपला सांभाळत बसलो. बायको, निर्मला — पन्नाशी कधीच ओलांडलेली — पोरीबरोबर त्या फिरत्या पाळण्यात बसली. पाळणा वर गेला तशी ती ओरडली, आणि मग हसली. तोंड उघडून, मोठ्याने, पदराचं भान न ठेवता. एवढ्या वर्षांच्या संसारात मी तिचं ते हसणं ऐकलं नव्हतं. मला आनंद व्हायला हवा होता, नाही का? मला संशय आला. कशाचा, ते विचारू नका, मला तेव्हाही धड कळलं नव्हतं.

परतताना पोरीने वर्षभराच्या पासची गोष्ट काढली. एकदा काढला की वर्षभर वाटेल तेव्हा जा. ती नागपूरला राहते. आईने इथून बसने यायचं आणि सुटीच्या दिवशी दोघींनी मिळून जायचं. निर्मला लगेच म्हणाली, "तुमी एकडाव विचारून या ना. तुमाले समजते त्यातलं."

घरात कुठलीही चौकशी माझ्याकडेच असते. आधी मी जावयावर संशय घेतला — त्याला यात काही सुटत असेल. मग पार्कवर. वर्षाचे पैसे आधीच घेऊन बसणारा माणूस धड असेल कशावरून? पावसाळाभर फाटक बंद ठेवत असतील. आणि मग — इथे जीभ अडखळते — निर्मलावर. हिला घरात काय कमी आहे? तिथे पोरीजवळ बसून ही माझ्याबद्दल काय काय बोलणार आहे?

मी एकटाच गेलो. खिडकीतल्या माणसाला खोदून खोदून विचारलं. बंद कधी असतं, आत वेगळं काय घेता, पाळण्यात बसायला वयाची अट काय? तो कंटाळला नाही. म्हणाला, "काकूहून मोठ्या बाया येतात इथं. तब्येत बरी असली म्हंजे झालं. घेऊन या त्याईले." मी तळापर्यंत हात घातला होता आणि ओल कुठेच नव्हती. पास घेण्यासारखा होता.

घरी आलो तर निर्मला दारातच उभी. हातातली पिशवीही घेतली नाही तिने, नुसती तोंडाकडे पाहत राहिली. आणि मी म्हणालो, "पन्नाशीच्या वर पास नाई देत थे. पाळन्यात बसूच देत नाई."

"मंग मी बसली कशी त्या दिवशी?"

"तवा कोनाचं ध्यान गेलं नसंन."

ती लाजली — चोरी पकडल्यासारखी. तिचं ते एक हसणंही मी चुकीचं ठरवून टाकलं. मी वाट पाहत होतो, की ती म्हणेल, परत विचारा, असं कसं असेल? जरा घासाघीस करेल. मग मी नमतं घेतलं असतं का? माहीत नाही. तिने घासाघीस केलीच नाही. ती शेतकरी थोडीच होती? माझी बायको होती, तिने माझं बोलणं खरं मानलं आणि आत गेली.

पोरीचा फोन आला तेव्हा मी तिला सांगितलं, "तुह्या आईलेच नाई पाह्यजे पास. चक्कर येते म्हन्ते." पोर बरं म्हणाली. दोघींनी पुन्हा तो विषय काढला नाही.

दिवाळीनंतर जावयाने फोनवर एक फोटो पाठवला. त्याच पाळण्यात पोर, आणि तिच्या शेजारी तिची सासू. सासू निर्मलापेक्षा चांगली मोठी आहे. निर्मलाने तो फोटो खूप वेळ पाहिला. आता ती विचारणार. मनात कुठेतरी मला बरंही वाटलं — सुटलो, असं.

तिने फोन खाली ठेवला आणि म्हणाली, "पोरीलेच मी नको होती ना? मले वाईट वाटू नये म्हनून तुमी वयाचं सांगतलं."

तिच्या डोळ्यांत माझ्याबद्दल माया होती. ज्या बाईला आयुष्यात कधी कोणाचा संशय घेता आला नाही, तिने पहिल्यांदा घेतला, तोही पोटच्या पोरीचा. नाही म्हणायला किती वेळ लागला असता? एकच शब्द होता. मी मान हलवली. हो म्हणून.

आता पोरीचा फोन आला की निर्मला तो न बोलताच माझ्या हातात देते. पोर विचारते, आई कशी आहे. मी सांगतो, बरी आहे.